मोठे चाक म्हणजे नेमके काय मोठे?

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सोलापूरच्या नवी पेठेत चारचाकी घेऊन शिरणे शहाणपणाचे नाही. म्हणून मी आणि माझा भाचा गाडी दूर लावून चालत निघालो होतो. रस्त्याच्या कडेला एकाच रंगाच्या दोन मारुती स्विफ्ट शेजारी शेजारी उभ्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, ही साधी आणि ती टॉपची. चाकांवरूनच कळतं बघा. हिची चाकं चौदाची, तिची पंधराची. मी तर आता माझ्या गाडीला सतराची बसवणार आहे. चाक मोठं झालं की गाडी पळते पण जास्त आणि खड्डेही लागत नाहीत."

विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने तिथेच खाली वाकून हिशेब करून दाखवायला हवा होता. मी हसलो आणि पुढे चालू लागलो. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री गावाकडून परतताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात त्याच्या गाडीची डावीकडची दोन्ही चाके आदळली. दोन्ही टायर बाजूने फाटले, एक रिम वाकली आणि गाडी रस्ता सोडून शेतात उतरली. मागे माझी बहीण बसली होती. कोणाला काही झाले नाही, पण समोरून एखादा ट्रक येत असता तर, हा विचार अजून जात नाही. तेव्हा राहिलेला हिशेब आता मांडतो. तो नववी-दहावीच्या गणितात बसतो आणि वर्गात करून घेण्यासारखा आहे.

सुरुवात टायरवरच्या आकड्यांपासून करू. रस्त्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही मोटारीच्या टायरच्या बाजूला १८५/६५ आर १५ असे काहीतरी ठळक उठवलेले असते. यातले १८५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, पण मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या शेकड्यात. 'आर' म्हणजे रेडियल, हा टायरच्या आतल्या दोऱ्यांच्या विणीचा प्रकार. शेवटचे १५ म्हणजे आतल्या धातूच्या रिमचा व्यास, आणि तो इंचात! एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच. एकके बदलण्याचा सराव देण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

आता २०१८ साली आलेल्या स्विफ्टची दोन मापे घ्या. साध्या गाडीला १६५/८० आर १४, वरच्या किमतीच्या गाडीला १८५/६५ आर १५. पहिल्या टायरची भिंत १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मि.मी. रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मि.मी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून चाकाचा पूर्ण व्यास ३५५.६ + २६४ = ६१९.६ मि.मी. दुसऱ्या टायरची भिंत सुमारे १२० मि.मी. आणि पूर्ण व्यास ६२१.५ मि.मी. फरक दोन मिलिमीटरचा! म्हणजे 'चौदाचे' आणि 'पंधराचे' चाक उंचीने जवळजवळ सारखेच. मोठी झाली ती फक्त रिम. चाकाची बाहेरची उंची तेवढीच ठेवायची तर रिम वाढेल तितके रबर, आणि रबराच्या आतली हवा, कमी होणार हे उघड आहे. भाच्याने बसवलेले माप होते २०५/४५ आर १७. त्याचा व्यास ६१६ मि.मी., म्हणजे मूळ चाकापेक्षा किंचित कमीच. आणि भिंत? ९२ मि.मी.

हे लक्षात ठेवून आता खड्ड्याकडे वळू.

नववीच्या आठ-दहा मुलांना घेऊन मी एका सुटीच्या सकाळी, दुकाने उघडण्याआधी, नवी पेठेत गेलो. उभ्या वाहनांच्या टायरवरची मापे वहीत लिहायची आणि चाकाची उंची टेपने मोजायची, एवढेच काम. रिक्षांवर बहुधा ४.००-८ दिसते, म्हणजे रिम ८ इंचांची. पूर्ण चाक भरले सुमारे ४१ से.मी. उंच. स्कूटर १० आणि १२ इंचांच्या, मोटारसायकली बऱ्याच १८ च्या. जुन्या २८ इंची सायकलचे चाक मोटारीच्या चाकापेक्षा उंच आहे हे पाहून मुलांना गंमत वाटली. लाकडी बैलगाडी काही तिथे मिळाली नाही. ते माप एका मुलाने आजोबांच्या गावाहून आणले: धावेसकट दीड मीटर.

समजा रस्त्यात ३० से.मी. लांबीचा चांगला खोल खड्डा आहे आणि चाक हळूहळू त्यावरून जात आहे. चाक खड्ड्याच्या तळाला लागणार नाही. ते दोन्ही काठांवर टेकेल आणि मधल्या मध्ये थोडे खाली जाईल. किती खाली? चाकाचे केंद्र, खड्ड्याचा काठ आणि दोन काठांचा मध्यबिंदू यांचा काटकोन त्रिकोण काढा. कर्ण म्हणजे चाकाची त्रिज्या, एक बाजू १५ से.मी. तिसरी बाजू पायथागोरसने काढून ती त्रिज्येतून वजा करा. रिक्षाचे चाक (त्रिज्या २०.५ से.मी.) साडेसहा सेंटिमीटर खाली जाते. मोटारीचे (त्रिज्या ३१ से.मी.) सुमारे ३.९ से.मी. बैलगाडीचे (त्रिज्या ७५ से.मी.) अवघे दीड सेंटिमीटर! रिक्षात बसल्यावर कंबर का बोलते याचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे असे, की रिक्षाला तीन चाके तीन वेगळ्या रेषांत असतात. डावे-उजवे चाक चुकवलेला खड्डा मधले चाक शोधून काढते.

तेव्हा भाच्याचे म्हणणे तत्त्वतः खोटे नव्हते. चाक उंच झाले तर खड्डे खरोखरच कमी लागतात. पण त्याचे चाक उंच झालेच नव्हते.

खड्ड्याशी सामना करण्याचा दुसरा मार्ग म्हणजे चाक मऊ करणे. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवली. त्याआधी १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसनने अशाच कल्पनेचे पेटंट घेतले होते, पण ती कल्पना तेव्हा रुजली नाही. डनलॉपने चाक मोठे केले नव्हते. रस्त्यावरचा लहान दगड चाकाला वर न उचलता टायरच्या आत थोडा रुतावा, एवढेच त्याने साधले. आपल्याकडे ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना लोक अजून 'डनलॉप गाडी' म्हणतात. तिची चाके लाकडी गाडीच्या चाकांच्या निम्म्याने असतात, तरी ती ओढायला हलकी जाते, याचे मोठे श्रेय त्या हवेला.

म्हणजे चाकाची उंची आणि टायरमधली हवा, या दोन गोष्टी खड्ड्यापासून वाचवतात. मोठी रिम बसवताना पहिली जैसे थे राहते आणि दुसरी घटते. भिंत १३२ मि.मी. असताना टायरला दबायला जितकी जागा होती, त्यातली जवळजवळ ३० टक्के सतराच्या रिमने खाल्ली. खड्ड्याच्या धारदार काठावर वेगाने आदळल्यावर टायर पूर्ण दबतो आणि रिम व काठ यांच्या चिमट्यात रबर सापडते. आतले दोरे तुटतात. कधी टायर जागच्या जागी फाटतो, कधी बाजूला टेंगळासारखा फुगा येतो आणि तो काही दिवसांनी दगा देतो. हवा कमी भरलेली असेल तर हे आणखी लवकर. भिंतीवर असा फुगा दिसला तर तो टायर स्टेपनी म्हणूनसुद्धा ठेवू नये.

मग वरच्या किमतीच्या गाड्यांना कारखान्यातूनच मोठी रिम का येते? दिसायला बरे हे एक कारण आहेच, आणि मला वाटते बऱ्याचदा तेच मुख्य असते. पण दोन कारणे खरी आहेत. मोठ्या रिममध्ये मोठी ब्रेकची चकती बसते. जोरात पळणाऱ्या गाडीला ती लागते. दुसरे कारण वळण्याचे. ते समजायला एक सोपा प्रयोग करा.

गादीच्या फोमचे दोन तुकडे घ्या, लांबी-रुंदी सारखी, पण एक ६ से.मी. उंच आणि दुसरा २ से.मी. दोन्ही टेबलावर चिकटवा आणि वर एकेक पुठ्ठा चिकटवा. पुठ्ठ्याला दोरा बांधून टेबलाच्या कडेवरून खाली सोडा आणि टोकाला सारखेच वजन टांगा. उंच फोमवरचा पुठ्ठा बराच सरकतो, बुटक्यावरचा जेमतेम. टायरचे तसेच आहे. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा आधी रिम वळते, मग भिंत पिळवटते आणि त्यानंतर रस्त्याला टेकलेले रबर वळते. भिंत बुटकी असेल तर ही दिरंगाई कमी. गाडी सांगितल्यासारखी वळते, वळणावर डुलत नाही. गुळगुळीत रस्त्यावर हा फायदा चालवणाऱ्याच्या हाताला स्पष्ट जाणवतो. भाच्यालाही तो जाणवला होता, आणि त्यामुळेच त्याचा वेग वाढला होता.

उखडलेल्या रस्त्यावर मात्र हाच हिशेब उलटतो. कडक चाक उसळते. मोठी रिम जड असेल तर स्प्रिंगच्या खालचे वजन वाढते आणि उसळलेले चाक परत रस्त्यावर टेकवायला स्प्रिंगला जास्त वेळ लागतो. जे चाक क्षणभर हवेत आहे ते ना वळवू शकते ना थांबवू शकते.

रुंद टायरबद्दल एक गैरसमज जाता जाता. माणसांसकट गाडीचे वजन हजार किलो धरू. प्रत्येक चाकावर २५० किलो. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.२ किलो. भागाकार करा: चाकाचा रस्त्याला टेकलेला भाग ढोबळमानाने ११४ चौ. से.मी., हाताच्या पंजाहून लहानच. दाब तोच ठेवून टायर रुंद केला तर हे क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. त्याचा आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. सायकलवर हे पडताळता येते. टायर ओला करून कोऱ्या कागदावर टेकवा, वर मुलगा बसवा आणि ठशातले चौकोन मोजा. मग थोडी हवा सोडून पुन्हा मोजा.

आता राहिले 'पळते पण जास्त'. रस्त्याला मागे ढकलणारे बल म्हणजे चाकाच्या आसाला मिळालेला पीळ भागिले त्रिज्या. बाहेरचा व्यास खरोखर वाढला तर बल घटते आणि दर फेऱ्याला अंतर वाढते, जणू सायकलला मागे लहान दातेरी चक्र लावले. चढावर गाडी सुस्त होते. शिवाय स्पीडोमीटर फेरेच मोजत असल्याने तो फसतो. व्यास ५ टक्के वाढवला, तर पूर्वी अचूक असलेला काटा ८० वर असताना गाडी ८४ ने धावत असते. कंपन्या काटा मुळातच थोडा जास्त दाखवेल असा ठेवतात, त्यातली सावधगिरी अशी खर्ची पडते. व्यास तोच ठेवून फक्त रिम वाढवली तर यातले काहीच बदलत नाही. ना वेग वाढतो, ना बल.

चाकाच्या वजनाचा परिणाम विद्यार्थ्यांना हमखास चकवतो. चाकाच्या अगदी कडेला असलेले १ किलो वजन पुढेही जाते आणि गोलही फिरते, म्हणून गाडीचा वेग वाढवताना ते आत ठेवलेल्या २ किलोंइतके भारी पडते. चाक मोठे घेतले तरी हा आकडा दोनच राहतो, कारण मोठे चाक तितकेच सावकाश फिरते. वजन आसापासून किती दूर आहे, हे चाकाच्या त्रिज्येच्या तुलनेत महत्त्वाचे. मोठ्या रिममध्ये धातू कडेकडे सरकतो. तरी चार चाकांत मिळून दहा-बारा किलो वाढले तर ते फार तर वीस-पंचवीस किलोंचे ओझे, म्हणजे तिसरीतला एक मुलगा. गाडी त्याने मंदावत नाही.

लहान चाकांची बाजूही ऐकली पाहिजे. १९५९ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी 'मिनी' मोटारीला मुद्दाम १० इंची चाके दिली, कारण चाकांनी खाल्लेली जागा त्यांना माणसांसाठी हवी होती. आपल्या मारुती ८०० ला १२ इंचांची होती, तर दणकट अ‍ॅम्बॅसॅडरला १५ ची. नवी पेठेतल्या एका रिक्षावाल्या काकांना आमच्या मुलांनी विचारले, चाक मोठे का बसवत नाही? ते म्हणाले, "मग म्हाताऱ्या बाईला चढायला स्टूल कोण देणार? आणि चौघं बसवून पूल चढवायचा कसा?" खाली असलेली बैठक आणि लहान इंजिनाला मिळणारे जास्त बल, दोन्ही मुद्दे त्यांनी न शिकवता सांगितले.

भाच्याने नंतर मूळ पंधराची चाके परत बसवली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला टायरच्या मापांचा आणि हवेच्या दाबाचा तक्ता त्याने त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. वाकलेली रिम मी मागून घेतली. ती आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, आणि नववीची मुले तिच्यावर टेप धरून कुठल्या दिशेला किती मिलिमीटर वाकली ते दर वर्षी नव्याने मोजतात.