मॉडेल बंद झाले म्हणून घड्याळ दुर्मीळ होत नाही

महागड्या स्विस घड्याळांच्या व्यवहारात एक सल्ला अगदी छातीठोकपणे दिला जातो : ‘हे मॉडेल कंपनीने बंद केले आहे, आता भाव वरच जाणार. तुमच्याकडचे चालू मॉडेल द्या, थोडे वरचे पैसे टाका आणि हे घेऊन टाका.’ सल्ला देणारा बहुधा विकणाराच असतो, पण हल्ली हौशी मंडळीही तो एकमेकांना देतात आणि पुरावा कोणी मागत नाही. या सल्ल्यात तीन दावे आहेत. बंद झालेले मॉडेल दुर्मीळ असते, दुर्मीळ वस्तू महागच होते आणि म्हणून अदलाबदल फायद्याची ठरते. यातला पहिला दावा बहुतेक वेळा चुकीचा असतो, दुसरा अर्धवट खरा असतो आणि तिसरा आकडेमोड न करता केलेला असतो.

नेहमी पुढे केले जाणारे उदाहरणच घेऊ. रोलेक्सने 2010 साली हिरवी डायल आणि हिरवी सिरॅमिक बेझल (डायलभोवतीची कडी) असलेली सबमरिनर आणली. तिचा रेफरन्स, म्हणजे मॉडेल क्रमांक, 116610एलव्ही, पण ओळखली जाते ती ‘हल्क’ या नावाने. सप्टेंबर 2020 मध्ये ती बंद झाली आणि तिच्या जागी काळी डायल व हिरवी बेझल असलेली 126610एलव्ही आली. आज हल्कला या नव्या हिरव्या सबमरिनरपेक्षा जास्त भाव मिळतो, हे खरे आहे. पण म्हणून ती दुर्मीळ आहे का? ती तब्बल दहा वर्षे बनत होती. रोलेक्स आपल्या उत्पादनाचे आकडे जाहीर करत नाही, मात्र मॉर्गन स्टॅन्लीच्या अहवालांतला अंदाज वर्षाला दहा लाखांहून अधिक घड्याळांचा आहे. अशा कारखान्यातून दशकभर निघालेले घड्याळ सापडत नाही असे होत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांत ते कोणत्याही दिवशी मिळते, फक्त पैसे मोजावे लागतात. महाग असणे आणि न मिळणे यांत फरक आहे, आणि विकणाऱ्याला तो पुसून टाकण्यात रस असतो.

‘मग भाव चढला कसा?’ हा आक्षेप येणारच. त्याचे उत्तर त्याच महिन्यातल्या दुसऱ्या घटनेत आहे. हल्कबरोबरच काळी डायल आणि काळी बेझल असलेली 116610एलएनही बंद झाली. तिची केस तीच, 3135 हे यंत्र तेच, काळही तोच. तरीही ही जुनी काळी सबमरिनर आज साधारणपणे नव्या काळ्या सबमरिनरपेक्षा कमी भावात मिळते. बंद होणे हेच भाववाढीचे कारण असते, तर दोघींचे नशीब सारखे असायला हवे होते. हल्कला जादा पैसे मिळतात ते संपूर्ण हिरव्या डायलसाठी. ती लोकांना हवी आहे आणि नव्या मॉडेलमध्ये नाही. आता उलटे उदाहरण पाहा. रोलेक्सचे क्वार्ट्झ यंत्राचे ऑयस्टरक्वार्ट्झ 1977 मध्ये आले आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद झाले. सुमारे 25 वर्षांत ते सगळे मिळून 25 हजारांच्या आसपासच बनले असावे, असा जाणकारांचा अंदाज आहे. ते हल्कपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे, कितीतरी आधी बंद झालेले आहे, आणि तरीही त्याची पोलादी आवृत्ती हल्कपेक्षा स्वस्त आहे. कारण रोलेक्स घेणाऱ्या बहुसंख्यांना बॅटरीवरचे रोलेक्स नको असते. भाव ठरवताना ‘किती बनली’ या प्रश्नाइतकाच ‘किती जणांना हवी आहेत’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. दुसरा प्रश्न न विचारता पहिल्याचे उत्तर निरुपयोगी आहे.

यावर पाटेक फिलिपच्या नॉटिलस 5711चा हुकमी पत्ता टाकला जातो. 2006 पासून बनणारे हे पोलादी घड्याळ बंद होणार अशी बातमी जानेवारी 2021 मध्ये आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये निरोपाची हिरवी डायल आली, आणि जुलैमध्ये अँटिकोरमच्या लिलावात असे एक न वापरलेले घड्याळ कंपनीच्या किमतीच्या दहापटीहून अधिक रकमेला गेले. पण 5711 साठी बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून रांगा लागत होत्या आणि दुय्यम बाजारात ते शोरूमच्या किमतीच्या बरेच वर विकले जात होते. बंद होण्याने आधीच पेटलेल्या मागणीत तेल ओतले, मागणी निर्माण केली नाही. शिवाय ही गोष्ट 2021 पाशीच थांबवून सांगितली जाते. 2022च्या पहिल्या काही महिन्यांत घड्याळांच्या भावांनी शिखर गाठले आणि मग ते सलग घसरले. त्यात 5711ही उतरले आणि हल्कही. शिखरावर अदलाबदल केलेल्यांच्या हाती बंद मॉडेल राहिले, ‘वरच जाणारा’ भाव राहिला नाही.

‘पण कंपनी ते पुन्हा बनवणार नाही ना?’ अगदी तेच घड्याळ नाही बनवणार, पण त्याचा भाऊबंद सहज बनवू शकते. रोलेक्सची लाल-निळ्या बेझलची पोलादी जीएमटी-मास्टर 2007 मध्ये थांबली आणि 2018 मध्ये नव्या रूपात परत आली. सबमरिनरमधली काळी डायल आणि हिरवी बेझल ही जोडी 2003 ते 2010 मध्ये होती, 2020 मध्ये ती पुन्हा आली. ओमेगाने 1968 च्या सुमारास थांबवलेले 321 हे यंत्र अर्ध्या शतकानंतर पुन्हा उत्पादनात आणले. जुन्या आवृत्तीला तिचे चाहते असतातच, पण ‘आता कधीच नाही’ या वाक्यावर लाखो रुपये लावताना हा इतिहास माहीत असावा.

आता त्या आकडेमोडीकडे वळू. सराफाकडे दागिना मोडून नवा घेताना घट आणि मजुरी आपण काटेकोरपणे विचारतो, आणि तिथे निदान सोन्याचा रोजचा भाव छापून येतो. घड्याळात तसा भाव नसतो, तरी मजुरी दोनदा कापली जाते. समजण्यापुरते आकडे घेऊ. तुमचे घड्याळ बाजारात 15 लाखांना विकले जाते, डीलर ते 13 लाखांना घेतो. त्याच्याकडचे बंद मॉडेल त्याने 16.5 लाखांना घेतले आहे, विकतो 19 लाखांना. तुम्ही वरचे 6 लाख देता, म्हणजे तुमचे 19 लाख गुंतले. दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ त्याच भावाने परत दिले, तर 16.5 लाख मिळतील. अडीच लाख उंबऱ्यावरच गेले. ते भरून यायला भाव सुमारे 15 टक्के वाढायला हवा, आणि दिलेल्या घड्याळाचा भाव मधल्या काळात वाढला, तर त्याहूनही जास्त. खरोखर दुर्मीळ मॉडेलला गिऱ्हाईक कमी, म्हणून तिथे घेण्या-विकण्यातली ही दरी आणखी रुंद असते. यात डीलर फसवत नाही, त्याचे दुकान यावरच चालते. फसतो तो ‘वरचे पैसे थोडेच आहेत’ म्हणणारा. शिवाय रोलेक्सची पाच वर्षांची गॅरंटी विक्रीच्या तारखेपासून धरतात. नवे घड्याळ दिले की तिची उरलेली मुदतही गेली, आणि नव्या सबमरिनरमधल्या 3235 यंत्राची सुमारे 70 तासांची चावीही गेली. जुन्या 3135ची चावी सुमारे 48 तासच पुरते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. बंद मॉडेलचा पुरवठा गोठतो असे मानतात, प्रत्यक्षात भाव वाढले की तो वाढतो. लॉकरमधली घड्याळे बाहेर येतात, आणि सुट्या भागांतून ‘जुनी’ घड्याळे तयारही होतात. याचा नमुना आपल्या दाराशीच आहे. 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली. पण बाजारात नव्याने रंगवलेल्या डायलची, भलतेच काटे बसवलेली जुनी घड्याळे इतकी फिरतात की परदेशी संग्राहकांनी अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे नाव ठेवले आहे. हे स्वस्त घड्याळांतच होते असे समजू नये. नोव्हेंबर 2021 मध्ये जिनिव्हात फिलिप्सच्या लिलावात ओमेगाचे एक जुने स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकना गेले. घेणारी खुद्द ओमेगा होती, आपल्या संग्रहालयासाठी. 2023 मध्ये कंपनीनेच सांगितले की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवलेले होते आणि त्यात तिचेच माजी कर्मचारी गुंतले होते.

राहिलेले गैरसमज थोडक्यात.

‘बॉक्स-पेपर आहेत, म्हणजे घड्याळ अस्सल.’ कागद खरे असूनही आतली डायल, काटे किंवा बेझल बदललेली असू शकते.

‘पॉलिश करून घेतले की किंमत वाढते.’ उलट आहे. प्रत्येक पॉलिशमध्ये धातू झिजतो, केसच्या कडा गोल होतात आणि संग्राहक त्याचे पैसे कापतो.

‘जुनी डायल रात्रभर चमकते, म्हणजे उत्तम जपलेली.’ पूर्वी डायल चमकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ट्रिटियमचे अर्धायुष्य 12.3 वर्षे आहे. 1970च्या दशकातली ट्रिटियमची डायल आज लखलखत असेल, तर ती पुन्हा रंगवलेली किंवा बदललेली आहे.

‘मॉडेल बंद, म्हणजे सुटे भागही बंद.’ हल्कचे 3135 यंत्र 1988 पासून असंख्य मॉडेल्समध्ये वापरले गेले. पाटेक तर 1839 पासूनचे आपले कोणतेही घड्याळ दुरुस्त करण्याची हमी देते.

‘दहा लाखांवरच्या घड्याळावरचा एक टक्का टीसीएस बुडाला.’ एप्रिल 2025 पासून विक्रेता तो गोळा करतो, पण तुमच्या प्राप्तिकरात तो जमा धरला जातो. पॅनसह पक्के बिल मात्र हवे.

बंद झालेले मॉडेल घेऊच नये, असे यातले काहीही सांगत नाही. ती डायल मनात भरली असेल, तर अदलाबदल जरूर करा. वरचे पैसे आवडीसाठी मोजले आहेत, हे स्वतःशी कबूल करा, म्हणजे पुढे पस्तावायची वेळ येणार नाही. पण गुंतवणूक म्हणून करणार असाल, तर व्यवहाराआधी डीलरला एकच प्रश्न विचारा : ‘हेच घड्याळ उद्या मी परत आणले, तर किती द्याल?’ तो आकडा लेखी मिळत नसेल, तर ‘भाव वरच जाणार’ या त्याच्या बोलण्याला काडीची किंमत देऊ नका.