राउटर कुणाचं ऐकतो?

जबलपूरच्या गढ्यात, मेडिकल कॉलेजच्या आसपासच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून फोनमधली वाय-फायची यादी उघडा. गोंड राजांचं हे जुनं ठाणं. आता कॉलेजमुळे भाड्याच्या खोल्या भरपूर. यादीतली बरीचशी नावं एकाच साच्यातली दिसतील: इंटरनेट कंपनीचं नाव आणि पुढे चार-सहा अक्षरं-आकडे. याचा अर्थ, लाइनमन इंटरनेटचा डबा भिंतीवर ठोकून गेला त्यानंतर कुणी त्याच्या सेटिंगला हात लावलेला नाही.

त्या डब्यात खरं तर दोन यंत्रं असतात. एक, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणारं ओएनटी. दुसरं, राउटर. घरातल्या प्रत्येक फोन-टीव्हीला तो आतला पत्ता वाटतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, आणि सगळ्यांची ये-जा बाहेरच्या एकाच पत्त्यावरून करवतो. कोणतं यंत्र कधी जोडलं गेलं हे त्याला म्हणूनच ठाऊक असतं.

पासवर्डही दोन असतात, आणि गोंधळ इथेच होतो. वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यालाही सांगतात. दुसरा, राउटरच्या सेटिंगच्या पानाचा. फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा डब्याच्या पाठीवर छापलेला पत्ता टाकला की ते पान उघडतं. हा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहिला, तर वाय-फायवर असलेला कुणीही आत शिरून जोडलेल्या यंत्रांची यादी पाहू शकतो. काही मॉडेलांत कोणत्या साइटी उघडल्या तेही. एका कनेक्शनवर चार भाडेकरू असलेल्या घरात ही गोष्ट किरकोळ नाही.

पण सेटिंगच्या पानावर शिरलात म्हणजे राउटर तुमचा झाला, असं नाही. कंपनीने दिलेल्या डब्यात ग्राहकाचं खातं बरेचदा मर्यादित असतं. सगळे अधिकार असलेलं खातं वेगळं, आणि ते कंपनीकडे. शिवाय टीआर-०६९ नावाची एक व्यवस्था आहे. ब्रॉडबँड कंपन्यांच्या संघटनेने ती २००४ मध्ये ठरवली. राउटर ठरावीक वेळाने स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला हाक मारतो: मी चालू आहे, माझं सॉफ्टवेअर अमुक आवृत्तीचं आहे, काही हुकूम? सर्व्हर मग सेटिंग वाचू शकतो, बदलू शकतो, नवं सॉफ्टवेअर चढवू शकतो, डबा बंद करून पुन्हा चालू करू शकतो. तुम्ही तक्रार केल्यावर कस्टमर केअरवाला फोनवरूनच ‘आता बघा’ म्हणतो, ते याच जोरावर. घरमालकाकडे खोलीची दुसरी किल्ली असते, तसंच हे. ती त्याच्याकडे असण्यात गैर काही नाही. फक्त ती आहे हे भाडेकरूला माहीत असावं.

आणि ती भलत्याच्या हाती लागू नये. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी बंद पडले. ब्रिकरबॉट नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर कारखान्याच्या पासवर्डवर चालणारी यंत्रं शोधून त्यांची मेमरी पुसत होता. टीआर-०६९ साठी वापरला जाणारा ७५४७ क्रमांकाचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा राहिला होता, असं तेव्हाच्या तपशिलांत आलं. कंपनीने ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. देशभरच्या दूरसंचार अभियंत्यांना शिकवणारी बीएसएनएलची संस्था १९४२ पासून याच जबलपुरात आहे, त्यामुळे इथे तरी हा किस्सा विसरला जाऊ नये. त्याआधी नोव्हेंबर २०१६ मध्ये याच पोर्टवरच्या हल्ल्याने जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे नऊ लाख ग्राहकांचं इंटरनेट कोलमडलं होतं. तेव्हा कंपनी सरकारी की खाजगी, देशी की परदेशी, हा मुद्दाच नव्हे.

आता राउटरमधून काय जातं ते पाहू. बहुतेक साइटी आज एचटीटीपीएसवर चालतात, म्हणून पानावरचा मजकूर, बँकेचा पासवर्ड वगैरे वाटेत कुणाला वाचता येत नाही. साइटीचं नाव मात्र दिसतं. कुठलीही साइट उघडण्याआधी फोन तिच्या नावाचा आकडी पत्ता विचारतो. ही विचारणा म्हणजे डीएनएस. ती कुणाला करायची हे राउटर सांगतो, आणि मूळ सेटिंगमध्ये उत्तर असतं: कंपनीच्याच सर्व्हरला. रात्री अडीचला कुणी कोणत्या आजाराची साइट उघडली, ते नाव तिथे पोचतं.

राउटरमध्ये डीएनएस बदलून दुसऱ्या कुणाचा, म्हणजे १.१.१.१ किंवा ९.९.९.९, टाकता येतो. काही डब्यांत हा रकानाच कुलूपबंद असतो. बदलला तरी साधी विचारणा उघडी जाते, वाटेत कंपनीला वाचता येते. त्यापेक्षा अँड्रॉइड ९ आणि पुढच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ची सोय आहे, ती विचारणा झाकून पाठवते. इथे एक खरं सांगायला हवं: विश्वास नाहीसा होत नाही, फक्त तुमच्या कंपनीवरून दुसऱ्या कुणावर सरकतो. शिवाय परवान्याच्या अटींनुसार भारतातल्या इंटरनेट कंपन्यांना जोडणीच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. आधी ही मुदत एक वर्ष होती, डिसेंबर २०२१ मध्ये वाढवली. राउटरच्या कुठल्याही सेटिंगने यात फरक पडत नाही.

हातात उरतं ते असं. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बदला. बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय बंद करा. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय, बंद करा: त्याचा पिन आठ आकडी, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासून बरोबर की चूक ते सांगून टाकतो. त्यामुळे दहा कोटींऐवजी दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्न पुरतात, हे २०११ च्या अखेरीस उघड झालं. टीव्ही आणि कॅमेरा गेस्ट नेटवर्कवर ठेवा. वाय-फायच्या नावाशेवटी _nomap जोडलं तर गूगल तो राउटर आपल्या स्थान-नोंदीतून वगळतं.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे स्वतःचा राउटर. कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचं काम करतो. ते जमलं नाही तर त्याचं वाय-फाय बंद करून त्याच्या लॅन पोर्टमधून केबल आपल्या राउटरला द्यायची. मग कंपनीला घरात एकच यंत्र दिसतं. ओपनडब्ल्यूआरटीसारखं मुक्त सॉफ्टवेअर चालणारा राउटर घेतला तर आत काय चालतं तेही तपासता येतं. आपला राउटर निवडण्याचा हक्क जर्मनीत ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने आहे. आपल्याकडे ब्रिज मोड मिळणं बरेचदा गल्लीतल्या फायबरवाल्याच्या मूडवर असतं. सकाळी, कामाचा ढीग पडण्याआधी विचारावं.

खोली सोडताना किंवा कनेक्शन बंद करून डबा परत देताना मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे सगळी सेटिंग पुसली जाते. वाय-फायचा पासवर्ड आणि जोडलेल्या यंत्रांची नावं तोवर आतच असतात, आणि तोच डबा उद्या दुसऱ्या घरी लागू शकतो.