आधी पाणी, मग दाणे

शाळू काढून झाला आणि पाडवा जवळ आला की सातारा-सांगलीकडे गच्चीच्या कठड्यावर पाण्याचं भांडं आणि शेजारी मूठभर ज्वारी दिसायला लागते. अलीकडे त्यात ऑनलाइन मागवलेल्या प्लास्टिकच्या फीडरचीही भर पडली आहे. खोक्यावर कुठला तरी परदेशी देखणा पक्षी छापलेला असतो, घरातलं पोर त्याची वाट बघत बसतं आणि प्रत्यक्षात येतात पारवे.

यात फीडरचा दोष नाही, ऋतूचा फरक आहे. थंड देशांत हिवाळ्यात जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात, तेव्हा टांगलेले दाणे पक्ष्यांना खरोखर तारतात. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात चित्र उलटं असतं. पांगारा, पळस, काटेसावर फुलून गेलेली असतात, मागोमाग करंज आणि कडुलिंब मोहरतात, वडा-उंबरांना फळं लागतात. पक्ष्यांच्या खाण्याची सोय झाडांनी केलेली असते. तुटवडा असतो तो पाण्याचा. म्हणून परसात पक्षी बघायचे असतील तर पहिला खर्च पाण्याच्या पसरट भांड्यावर करावा. ते दोन बोटांपेक्षा खोल नको, सावलीत हवं, रोज घासून भरलेलं हवं. झुडपाला अगदी चिकटून ठेवलं तर मांजराला दबा धरायला जागा मिळते, तेवढं सांभाळावं.

दाण्यांवर येणारी मंडळी मोजकीच. चिमण्या, होले, ठिपकेवाल्या मनोल्या, उरलंसुरलं खाणाऱ्या साळुंक्या. शिंजीर, तांबट, कोकीळ, दयाळ हे वसंतातले खरे मानकरी ज्वारीकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यामुळे अनोळखी पक्षी दिसला की लगेच रंगाच्या मागे लागू नये. तो बसलाय कशावर आणि खातोय काय, हे आधी बघावं. निम्मी ओळख तिथंच पटते.

उरलेल्या निम्म्यापैकी बरीचशी तुमच्या तालुक्यावरून ठरते. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे उतरलं की तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. एवढ्याशा अंतरात पाहुणे बदलतात. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या बाजूला डोक्यावर टोकदार काळा तुरा आणि गालावर लाल ठिपका मिरवणारा शिपाई बुलबुल भांड्यावर येतो. माणदेशात त्याच भांड्यावर शेपटीखाली लाल असलेला लालबुड्या बुलबुलच बहुतेक वेळा दिसेल. होल्यांचंही तसंच. मानेवर पांढऱ्या ठिपक्यांची शाल असलेला ठिपकेवाला होला ओलसर, झाडीच्या भागात जास्त, तर अंगानं लहान, विटकरी झाक असलेला तपकिरी होला कोरड्या भागात. सातारा, कराड, सांगली ही शहरं मधल्या पट्ट्यात, त्यामुळे तिथं दोन्हीकडची मंडळी भेटतात. साताऱ्याच्या माणसानं जतच्या पाहुण्याला पक्ष्याचं नाव ठासून सांगू नये, ते यासाठीच. त्यातून नावंही गावागणिक बदलतात. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हाताशी असला तर असे बरेच वाद मिटतात.

चिमणी सगळ्यांना ओळखू येते, असं आपण समजतो. पण वसंतात तिचा नर जरा जवळून बघा. एरवी फिकट तपकिरी असलेली त्याची चोच विणीच्या दिवसांत काळी होते, गळ्याखालचा काळा डाग ठळक होतो. चोच काळी दिसली की समजावं, गडी घरट्याच्या जागेच्या शोधात आहे. आणखी एक गोष्ट दाणे टाकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना पहिले काही दिवस अळ्या आणि किडेच भरवते. एकीकडे कणी टाकायची आणि दुसरीकडे जास्वंदीवर औषध फवारायचं, म्हणजे आईला जेवायला वाढून पोरांना उपाशी ठेवण्यासारखं आहे. २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो. २०१० साली सुरू झालेल्या या दिवसामागे नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी आहे.

साळुंकीतही दोन तऱ्हा आहेत. डोळ्याभोवती पिवळी कातडी असेल तर ती नेहमीची साळुंकी. ती पिवळी कातडी नसेल आणि चोचीच्या मुळाशी कपाळावर पिसांचा छोटा झुबका असेल, तर ती जंगली मैना. आपल्याकडच्या जंगली मैनेचा डोळा निळसर-राखाडी असतो. दख्खनच्या पक्ष्यांची यादी करणाऱ्या साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानं १८३२ साली तिचं शास्त्रीय नाव ‘महरट्टेन्सिस’ असं नोंदवलं. म्हणजे अस्सल मराठी मुलखातली!

सगळ्यांत जास्त गोंधळ शिंजिरांचा. जास्वंद, शेवगा, डाळिंब यांच्या फुलांवर अंगठ्याएवढा, वाकड्या चोचीचा पक्षी क्षणभर पंख फडफडवत लोंबकळतो, तो शिंजीर. त्यातले दोन आपल्या परसात नेहमीचे. पोट झगझगीत पिवळं असेल तर जांभळ्या पुठ्ठ्याचा शिंजीर. पोटसुद्धा काळं, पण उन्हात आलं की जांभळं-निळं चमकणारं असेल तर जांभळा शिंजीर. हा दुसरा वर्षभर असा नसतो. वीण संपल्यावर तो पेहराव उतरवतो. मग मादीसारखा पिवळट दिसतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत फक्त एक काळी रेघ उरते. वसंतात तो पुन्हा पूर्ण काळाभोर होतो. अर्धवट काळा, अर्धवट पिवळा पक्षी दिसला तर तो तिसरा प्रकार नव्हे, कपडे बदलत असलेला हाच नर. माद्या ओळखायच्या तर गळा बघावा. राखाडी-पांढरट गळा आणि त्याखाली पिवळी छाती ही जांभळ्या पुठ्ठ्याच्या शिंजिराची मादी. गळ्यापासून पोटापर्यंत सगळं पिवळट ही जांभळ्याची. घरटं मादी बांधते. बोगनवेलीच्या फांदीला, कधी कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला कोळ्याच्या जाळ्यांनी सालपटं, काटक्या, वाळक्या पानांचा चुरा चिकटवून केलेली लोंबती पिशवी, आणि दाराशी वर एक छोटासा छज्जा. कचरा अडकलाय असं वाटून झाडूनं ओढून काढायच्या आधी एकदा निरखून बघावं.

याच दिवसांत मोटारीच्या आरशावर टोचा मारणारे पक्षी दिसतात. काळा-पांढरा दयाळ असेल, किंवा त्याच्यापेक्षा लहान, शेपटी उभी धरून खालचा तांबूस भाग दाखवणारा चिरक. हौस म्हणून ते आरशात बघत नाहीत. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून ते भांडत असतात. आरशावर फडकं बांधलं की भांडण मिटतं. हिवाळ्यात जवळजवळ मुका असलेला हा दयाळ मार्चपासून पहाटे अँटेनाच्या टोकावर बसून जे गातो, त्याला तोड नाही. लोक उगाच सगळं श्रेय कोकिळेला देतात.

कोकिळेचं म्हणाल तर ती वसंतात कुठून येत नाही. इथंच असते, फक्त एरवी गप्प असते. ‘कुहू’ करतो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती नुसतं ‘किक-किक’ ओरडते. तांबटाचा ‘टुक-टुक’ दुपारभर ऐकू येतो पण पक्षी सापडत नाही, कारण तो चोच मिटून, मान इकडून तिकडे फिरवत ओरडतो आणि आवाजाची दिशाच कळत नाही. वडाच्या शेंड्याला नजर ठेवली की चिमणीहून जरा मोठा, हिरवा, कपाळ लाल आणि डोळ्याभोवती पिवळं असा दिसतो. महाबळेश्वर-पाचगणीला याच्या जागी त्याचा मोठा भाऊबंद कुटुर्गा कल्ला करतो. ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा पाऊस यायच्या कितीतरी आधी, मार्च-एप्रिलपासूनच सुरू होतो. तो शिकऱ्यासारखा दिसतो, म्हणून तो उडाला की बाकीचे पक्षी कलकलाट करतात. अंडी मात्र सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळा!

याच महिन्यांत काहीजण निघून जातात. हिवाळाभर कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा थिरथिरा एप्रिलपर्यंत हिमालयाकडे परततो. भोरड्यांचे थवे त्याआधी पांगाऱ्यावर, काटेसावरीवर तुटून पडतात, कपाळ परागानं माखून घेतात. काळं डोकं, गुलाबी अंग. वसंतात हा गुलाबी जास्त खुलतो, कारण पिसांची फिकट टोकं झिजून जातात. शाळूवर गोफण घेऊन त्यांना हाकलणाऱ्या शेतकऱ्याला हे कौतुक पटणार नाही. पण मध्य आशियात वीण करताना हेच पक्षी टोळ फस्त करतात. चीनच्या शिनजियांगमध्ये तर त्यांना घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात.

बुलबुलाचं नशीबही असंच दुहेरी. सांगलीतल्या बाल्कनीत पपईची फोड खाणारा तो लाडका, आणि तासगावच्या द्राक्षबागेत पिकल्या घडावर बसला की चोर. घड वाचवायला बागेवर जाळी टाकणं रास्तच आहे. फक्त ती ताणून, तळाशी बांधून घ्यावी. ढिली लोंबती जाळी द्राक्षं पुरती वाचवत नाही, पक्षी मात्र तिच्यात गुरफटून मरतात.

दाणे ठेवायचेच असतील तर बाजरी, ज्वारी, तांदळाची कणी मूठभर, दुपारपर्यंत संपेल एवढीच. फरसाण, खारे दाणे, बिस्किटं नकोत. पारव्यांची झुंड जमायला लागली तर आठवडाभर दाणे बंद ठेवावेत आणि पाणी चालू ठेवावं. पाण्यावर शिंजीर, चष्मेवाला, दयाळ, बुलबुल येतच राहतात. आणि बोगनवेल किंवा जास्वंद छाटायची असेल तर आधी आत घरटं आहे का ते बघावं. असलं तर पिल्लं उडेपर्यंत कात्री बाजूला.