लाँचला बैल जोडता येत नाहीत

सेवाग्रामात राहून समुद्रावरच्या मोटरबोटींविषयी लिहायचे म्हटले की वाचक हसणारच. वर्ध्याहून मुंबई आगगाडीने सुमारे साडेसातशे किलोमीटर, आणि आमचे जवळचे पाणी म्हणजे पवनारची धाम नदी! पण श्रीमंती वाहन पोसण्याचा प्रश्न या गावाला अगदीच परका नाही. जमनालाल बजाज यांच्या फोर्ड मोटारीला इथे चक्क बैल जोडले जात आणि त्या वाहनाला मंडळी थट्टेने ‘ऑक्स-फर्ड’ म्हणत. ऑक्स म्हणजे बैल. विलायती विद्यापीठाचे नाव वर्ध्याला असे फुकटात मिळाले! इंजिन निजले तरी गाडी चालत राहिली.

लाँचला ही सोय नाही. मोटार चाकांवर घरंगळते. वेगवान बोटीला मात्र आपले धूड इंजिनाच्या जोरावर पाण्यातून वर उचलावे लागते, तेव्हा कुठे ती लाटांवरून घसरत धावते. म्हणून तीनशे अश्वशक्तीचे एकच पेट्रोल इंजिन पुऱ्या वेगात तासाला सुमारे शंभर लिटर पिऊन टाकते, आणि अशी दोन-दोन, तीन-तीन इंजिने पाठीशी लावण्याची हल्ली हौस आहे. त्यात समुद्राचे पाणी खारे. लोखंड गंजते, तळाला शेवाळ आणि कवचाचे जीव चिकटतात, मग बोट ओढून काढा, खरवडा, रंगवा. पावसाळ्याचे महिने ती नुसती बांधून ठेवायची. बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा दरसाल तिच्या निगेला लागतो, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. हत्ती परवडला, तो निदान लग्नाच्या वरातीला तरी उपयोगी पडतो!

जुन्या लाकडी बोटींचे लाड तर विचारूच नयेत. इटलीतल्या सार्निको गावी रीव्हा कारखान्याने १९६२ ते १९९६ पर्यंत ‘अ‍ॅक्वारामा’ नावाची महोगनीची बोट बांधली. तिच्यावर व्हार्निशचे हातावर हात चढत. आता फायबरग्लासच्या जमान्यात अशी बोट पाळणे म्हणजे सुतार पाळणे. पण निगा राखली तर लाकूड टिकते. मुंबईच्या वाडियांच्या गोदीत १८१७ साली सागवानात बांधलेले ‘त्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे.

हौसेचे धनी मात्र बदलत गेले. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे बंद झाले. १९९१ नंतर आयातीची दारे उघडली आणि उद्योगपती व शेअरबाजारातली मंडळी गेटवेसमोरच्या पाण्यात दिसू लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून चैनीच्या नौकांवर चाळीस टक्के जीएसटी आहे. असावा, त्याबद्दल माझे अश्रू ढळणार नाहीत.

मला चिंता वाटते ती तांडेलाची. बाजार बसला की सगळ्यांत आधी विकली जाते ती बोट. तिला गिऱ्हाईक मिळते, मालकाला दुसरी हौस सापडते. पण कुठे खडक आहे, ओहोटीला पाणी कुठे उतरते, इंजिन कोणत्या सुरात खोकले म्हणजे बिघडणार, हे ज्याला ठाऊक, तो कोकणातला माणूस एका दिवसात बेकार होतो. विक्रीच्या कागदावर इंजिन किती तास चालले ते लिहितात, तांडेलाने किती वर्षे काढली ते नाही. धनिकाने स्वतःला संपत्तीचा विश्वस्त समजावे, असे गांधीजी सांगत. ते लाँचमालकाला एवढ्यापुरते जरी पटले, की डिझेलबरोबर खलाशांचा वर्षाचा पगारही आधी बाजूला काढावा, तरी पुष्कळ झाले.

बाकी आपल्यासारख्यांना समुद्राची हौस स्वस्तात भागवता येते. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मांडव्याला मोटारीसुद्धा वाहून नेणारी रो-रो बोट जाते, तासाभराचा प्रवास. मुलांना घेऊन वरच्या मजल्यावर बसा. एखादी पांढरीशुभ्र लाँच फेस उडवीत शेजारून गेली, तर तिच्या सुकाणूवर कोण उभा आहे तेही मुलांना दाखवा.