कर्करोग रुग्णालयाची पहिली भेट आणि वैद्याचे दायित्व

काही वर्षांपूर्वी आमच्या नित्य परिचयातील एका भगिनींना स्तनाच्या कर्करोगाचे निदान होऊन केमोथेरपी सुरू झाली. दुसऱ्या आवर्तनापूर्वीच्या रक्ततपासणीत यकृताची विकरे वाढलेली आढळली. "दुसरे काही औषध घेता का?" असे तेथील डॉक्टरांनी विचारले, भगिनींनी नकारार्थी मान हलविली. आवर्तन पुढे ढकलले गेले. नंतर त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत आमच्याच पुड्या होत्या. त्यांवर 'सकाळी' आणि 'रात्री' याखेरीज एकही अक्षर नव्हते. "डॉक्टर रागावतील असे वाटले, आणि सांगणार तरी काय? नावच ठाऊक नाही," हे त्यांचे उत्तर ऐकून आम्ही निरुत्तर झालो. विकरे आमच्या औषधाने वाढली की अन्य कारणाने, हे आजही सांगता येत नाही. परंतु ते शोधण्याचे साधनच आम्ही रुग्णेच्या हाती दिले नव्हते.

कर्करोगाचा संशय येताच रुग्णास विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठविणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय. "आधी तीन महिने आपले औषध घेऊन पाहू," हे वाक्य आपल्या तोंडून निघता कामा नये. अर्बुदाचे स्वतंत्र निदान सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात केले आहे. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याने कालहानीस कारण होऊ नये.

पाठविताना रुग्णाच्या हाती पुढील तीन गोष्टी असाव्यात.

पहिली, औषधांची लेखी यादी. तीत कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, निर्माता, मात्रा, अनुपान, आरंभाची तारीख व शेवटची मात्रा केव्हा घेतली, हे सर्व असावे. रसकल्प असल्यास त्यातील धातू व खनिजे स्पष्ट लिहावीत. केमोथेरपीची मात्रा ठरविताना रक्तपेशींची संख्या आणि यकृत व वृक्क यांचे कार्य पाहिले जाते. म्हणून या अवयवांवर परिणाम करू शकणारे प्रत्येक द्रव्य डॉक्टरांना ज्ञात असणे अगत्याचे आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुडूची सेवन करणाऱ्या सहा रुग्णांतील यकृतविकाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वनस्पतीच्या ओळखीविषयी त्यावर आक्षेपही घेतले गेले. वाद काहीही असो, यादी लपविल्याने तो सुटत नाही. बायॉप्सी वा शस्त्रक्रिया ठरली असल्यास रक्तस्राव वाढविण्याचा संभव असलेल्या द्रव्यांची विचारणा अवश्य होते. तेव्हाही हीच यादी उपयोगी पडते. मधुमेह, रक्तदाब आदींची आधुनिक औषधे व पूर्वी कशाची ॲलर्जी आली असल्यास तिचीही नोंद येथेच करावी.

दुसरी, कागदपत्रे. बायॉप्सीच्या अहवालासोबत मूळ काचपट्ट्या व पॅराफिन ब्लॉकही न्यावेत, कारण मोठ्या केंद्रांत त्यांची फेरतपासणी केली जाते. स्कॅनच्या अहवालाबरोबर त्याची फिल्म वा सीडी असावी. आधार कार्ड व शिधापत्रिका जवळ ठेवावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या संलग्न रुग्णालयांत आरोग्यमित्राकडे त्यांची गरज लागते.

तिसरी, प्रश्नांची चिठ्ठी. रोगाचा प्रकार कोणता व अवस्था कोणती? उपचाराचा हेतू रोग समूळ घालविण्याचा आहे की आटोक्यात ठेवण्याचा? दुसरा पर्याय आहे काय? कालावधी व खर्च किती? कोणत्या लक्षणाने तत्काळ रुग्णालयात यावे? तरुण रुग्णाने अपत्यप्राप्तीविषयीचा प्रश्न उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारावा. एका आप्ताने सोबत जाऊन उत्तरे टिपून घ्यावीत. रुग्णाला काहीच कळू नये अशी आप्तांची इच्छा अनेकदा असते; त्यांची समजूत घालण्याचे काम घरच्या वैद्यास इतरांपेक्षा अधिक चांगले साधते. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्न हा उभयपक्षी असतो, हे त्यांस सांगावे.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंचाही यात वाटा आहे. सुटी औषधे नावाविना बांधून देऊ नयेत. बिलावर कल्पाचे पूर्ण नाव लिहावे. अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी. कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्यान्वये निषिद्ध आहे, याचे स्मरण दुकानातील फलक लावतानाही असावे.

त्या भगिनींना आम्ही त्याच दिवशी यादी लिहून दिली. डॉक्टरांनी ती केसपेपरला जोडली आणि केमोथेरपी संपेपर्यंत आमची दोन्ही औषधे थांबविण्यास कळविले. आम्ही ती थांबविली. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव असते.