इम्पाला : हुकलेलं पुनरागमन

मूळ : १९५८ मध्ये आलेली शेवरोले इम्पाला १९९६ पर्यंत रिअर-व्हील ड्राइव्हच होती. २००० च्या मॉडेलपासून इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे गेली.

चर्चा : पुढची इम्पाला जनरल मोटर्सच्या ऑस्ट्रेलियात घडलेल्या ‘झीटा’ प्लॅटफॉर्मवर येणार आणि ताकद पुन्हा मागच्या चाकांना मिळणार, अशी २००७ च्या सुमारास जोरदार चर्चा होती.

फायदा : वेग घेताना गाडीचा भार मागे सरकतो. मागची चाकं ढकलतात, पुढची फक्त वळण्यासाठी मोकळी राहतात. स्टिअरिंग हाताला ओढत नाही.

तोटा : वजन वाढतं. ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टसाठी फरशीला उंचवटा येतो, मागे मधोमध बसणाऱ्याला पाय फाकवून बसावं लागतं. बर्फात पकडही कमी.

अडलं कुठे : इंधनबचतीच्या कडक होत चाललेल्या नियमांपाशी. २००७ च्या अमेरिकी कायद्याने २०२० पर्यंत ३५ मैल प्रतिगॅलन, म्हणजे लिटरला सुमारे १५ किलोमीटर, सरासरीचं लक्ष्य ठरवलं.

शेवट : झीटा शेवरोलेच्याच कमॅरो या गाडीला लाभला. २०१४ ची इम्पाला पुढच्याच चाकांवर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये उत्पादन थांबलं. या ऐसपैस गाडीला ती एक संधी मिळायला हवी होती.