लिनक्सवर लग्नाचा व्हिडिओ दिसत नाही? कॉम्प्युटर बिघडला नाही, अडचण पेटंटची आहे

वर्धा : विंडोज १० चे नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालत नसेल तर उबंटू, मिंट, फेडोरा अशी मोफत लिनक्स सिस्टीम टाकता येते. पण मोबाइलवर काढलेला लग्नाचा व्हिडिओ तिच्यावर लावला की कधी नुसता आवाज येतो, चित्र काळं. मग 'लिनक्स काही कामाचं नाही' म्हणून लोक पुन्हा पैसे मोजतात. त्याआधी कारण समजून घ्या.

कोडेक म्हणजे काय?

जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात, तसा मोबाइल व्हिडिओ दाबून लहान करतो. ही गाठ बांधणारा आणि सोडणारा प्रोग्राम म्हणजे कोडेक. एच.२६४ आणि एच.२६५ या दाबण्याच्या पद्धतींवर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत.

अडतं कुठे?

एच.२६४ ची फी प्रतीमागे लागते. वर्षाला पहिल्या एक लाख प्रती माफ. विकणारी कंपनी प्रती मोजते, फी किमतीत धरते. लिनक्स मात्र कोणीही कितीही जणांना फुकट द्यावी. मग प्रती मोजणार कोण अन् पैसे भरणार कोण? म्हणून फेडोरासारख्या सिस्टीम हे कोडेक सोबत देतच नाहीत.

भारतात पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. पण तीच सिस्टीम अमेरिकेतही वाटली जाते, म्हणून तिथला कायदा सांभाळावा लागतो.

पेटंट साधारण २० वर्षं टिकतं. एमपी३ गाण्यांचीही हीच अडचण होती. पेटंटं संपल्यावर २०१७ मध्ये त्याचा परवाना कार्यक्रम बंद झाला आणि फेडोरात एमपी३ मोकळं झालं. २०१८ मध्ये आलेली एव्ही१ ही पद्धत तर बिनफी वापरता यावी याच हेतूने बनवली आहे.

तुम्ही काय कराल?

• उबंटू टाकताना जादा मीडिया फॉरमॅटच्या चौकटीत टिक करा.
• सिस्टीम आधीच टाकली असेल तर तिच्याच सॉफ्टवेअर स्टोअरमधून व्हीएलसी घ्या. ते मोफत आहे.
• मोबाइल कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एच.२६५ किंवा 'हाय एफिशियन्सी' बंद करा. फाइल मोठी होईल, पण बहुतेक ठिकाणी चालेल.
• अनोळखी साइटवरून 'कोडेक पॅक' उतरवू नका, व्हायरसचा धोका असतो.

आणि एक लक्षात ठेवा : विंडोजवरही एच.२६५ साठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये वेगळे पैसे लागू शकतात.